मी बुजवलेली नळी

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, "मिस्तरी, दुकानावर आलेल्या तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांविषयी लिहा. वाचकांना मजा येते." तशी गिऱ्हाइकं होती, त्यांच्याविषयी लिहितोही. पण रेडिएटरच्या धंद्यावर लिहायला बसलं की माझ्यापुढे पहिला उभा राहतो तो देवराम भोये, आणि तो तऱ्हेवाईक मुळीच नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरांत त्याच्याइतका शहाणा माणूस मी पाहिला नाही. म्हणून मजा थोडी कमी पडेल, ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

नाशिकला पंचवटीत, पेठ नाक्यापासून थोडं पुढे माझी पत्र्याची शेड होती. आत एक कोळशाची शेगडी, एक लाकडी बाक आणि कमरेएवढा सिमेंटचा हौद. आमच्या वस्तीतली मुलं शिकून मास्तर व्हायची नाहीतर कारकून. माझे वडील शाळेत शिपाई होते, त्यांना मी त्याच शाळेत मास्तर झालेला बघायचा होता. मी मॅट्रिकला गणितात दोनदा गेलो. मग भद्रकालीतल्या करीमचाचांकडे काम शिकायला लागलो. वडील पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगत, "मुलगा इंजिनाच्या लाइनीत आहे." रेडिएटर हा शब्द त्यांनी तोंडाने कधी काढला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन चाललं की तापतं. ते थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरतं. तापलेलं पाणी गाडीच्या तोंडाशी असलेल्या पितळी जाळीत येतं, पंख्याचा वारा खाऊन थंड होतं आणि परत इंजिनात जातं. ही जाळी म्हणजे रेडिएटर. तिच्यात चपट्या, बारीक नळ्या असतात, बोटाच्या नखाएवढ्या रुंद. यातली एक जरी फुटली तरी पाणी गळतं, आणि बऱ्याच बुजल्या तर पाणी उकळतं. माझं काम एवढंच. गळणारी बंद करायची आणि बुजलेली उघडायची. रेडिएटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करून आत हवा भरायची, हौदात बुडवायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचं. सापडलं की त्या जागी कथील वितळवून डाख द्यायचा. ॲसिडच्या धुराने डोळे चुरचुरायचे. माझ्या बायकोला कांदा चिरताना पाणी यायचं नाही एवढं मला हौदापाशी यायचं.

त्या काळात कूलंट वगैरे कुणी वापरत नव्हतं. ते हिरवं पाणी नव्या गाड्यांबरोबर पुढं आलं, आणि आलं तेव्हा निम्म्या लोकांनी ते काढून नळाचं पाणी भरलं. आधी तर काय मिळेल ते. बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले, तेव्हा ट्रकवाले खारं, मचूळ, गढूळ, जे हाताला लागेल ते ओतत. पुढची दोन वर्षं मी जाळ्यांतून क्षाराचे पांढरे थर खरवडून काढत होतो. नळ्यांत पोलादी पट्टी घालून, एकेक करून.

त्र्यंबकेश्वरचे एक गृहस्थ होते. त्यांनी नवी गाडी घेतली आणि भक्तीने तिच्या रेडिएटरमध्ये कुशावर्ताचं पाणी भरलं, तेही एकदा नाही, दर सोमवारी. गाडी तीन महिन्यांत गरम व्हायला लागली. मी खालची टाकी उघडली तर शेवाळ, गाळ आणि बेलाच्या पानांचे तुकडे. मी ते एका ताटलीत काढून त्यांना दाखवले. त्यांनी हात जोडले. मला वाटलं मला जोडले, पण ते ताटलीला होते. दुसरे एक येवल्याचे, भाड्याने टेम्पो चालवणारे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की गळक्या रेडिएटरात हळद टाकली की भोक बुजतं. बुजतंही थोडा वेळ. यांनी भोक बुजलं या आनंदात आणखी पावशेर टाकली. माझ्या हौदातलं पाणी त्या दिवशी हळदीच्या कार्यक्रमासारखं झालं होतं. टेम्पोचं इंजिन मात्र कामातून गेलं.

देवराम असलं काही करत नसे. तो पेठच्या बाजूचा, रस्त्यालगतच्या एका पाड्यावरचा. बाबूशेठ म्हणून पंचवटीत एक जीपवाले होते, त्यांची नाशिक ते पेठ चालणारी जीप त्याच्याकडे होती. किरकोळ बांध्याचा माणूस, अंगात खाकी सदरा, त्याचं वरचं बटणही लावलेलं. दर आठवड्याला तो काही काम नसलं तरी माझ्याकडे डोकावायचा आणि विचारायचा, "मिस्तरी, एकदा बघता का?"

बघायचं काय, ते त्याला माझ्याइतकंच कळायचं. सकाळी इंजिन थंड असताना झाकण काढायचं, बोट घालून पाणी किती खाली आहे ते बघायचं. बोटाला तांबूस लागलं तर आत गंज धरलाय. वर तेलाचा तवंग असेल तर इंजिनाच्या सांध्यातलं गॅस्केट गेलंय. इंजिन चालू करून पाण्यात बुडबुडे आले तर त्याहून वाईट. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा. जाळी आणि इंजिन जोडणारे रबरी होज चिमटीत धरून बघायचे, कडक झाले असतील तर तडकणार. देवराम हे रोज करायचा. बाकीचे ड्रायव्हर गाडीने वाफ सोडली की मग देव आठवणारे.

आणि तापलेल्या गाडीचं झाकण कसं उघडायचं हेही त्याच्याइतकं कुणी पाळत नसे. त्या झाकणाला दोन टप्पे असतात. पहिला अर्धा आटा दिला की आतली वाफ झाकणाखालच्या, रेडिएटरच्या मानेतल्या एका बारीक नळीवाटे बाहेर जाते, फुस्स असा आवाज येतो. तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मगच झाकण दाबून पुढं फिरवायचं. देवराम ओलं गोणपाट झाकणावर टाकायचा, तोंड बाजूला करायचा, अर्धा आटा द्यायचा आणि ऐकत राहायचा. एकदा माझ्या दुकानासमोर त्याने असं करताना मी म्हटलं, "झालं की रे, थांबला आवाज."

"थांबू द्या अजून," तो म्हणाला. "वाफ काय माझी मेव्हणी हाय का, थोडी चेष्टा चालेल?"

एका उन्हाळ्यात लग्नसराई जोरात होती. एक दिवस दुपारी बाबूशेठ स्वतः जीप घेऊन आले. देवराम त्या दिवशी सुट्टीवर, गावाला होता. शेठ स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मिस्तरी, ही गाडी पाणी फेकते. दर खेपेला सावळघाटात थांबावं लागतं म्हणे, पाणी भरायला. पॅसेंजर कटकट करतात."

मी पाहिलं. जाळी निम्मी बुजलेली होती. पाणी नीट फिरत नव्हतं, चढाला उकळायचं आणि मानेतल्या नळीवाटे बाहेर पडायचं. मी सांगितलं, "जाळी उघडून साफ करावी लागेल. दोन दिवस द्या."

"दोन दिवस गाडी उभी? ह्या दिवसांत?" शेठ उठून बॉनेटपाशी आले. त्यांनी बोटाने ती बारीक नळी दाखवली. "पाणी हिच्यातूनच जातं ना? मग हीच बंद करून टाका."

"मालक, ती वाफेसाठी आहे."

"दाब धरायला झाकणाला स्प्रिंग आहे ना? मग? लग्नं संपली की जाळी साफ करा, नळी मोकळी करा. महिन्याचा प्रश्न." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि देवरामला बोलू नका. त्याला थांबायला निमित्त लागतं. तिथं झऱ्यावर बसतो तो बिड्या ओढत. आता पाणी जात नाही तर थांबतो का, मला बघायचंय."

करीमचाचांनी मला पहिल्या महिन्यात जे शिकवलं त्यात हे होतं. "जाली बंद हो जाए तो चलेगा, बेटा. ये नली कभी बंद नहीं करना." मला ते स्वच्छ आठवत होतं. तरी मी नळी बंद केली. का केली, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. शेठच्या सहा गाड्या माझ्याकडे यायच्या, हे एक. पण तेवढंच नव्हतं. मला वाटलं, मी आता शिकाऊ नाही, मला कळतं काय होईल ते. दाब वाढला तर सगळ्यात कच्चं काय, तर रबरी होज. फार तर तो फुटेल, पाणी रस्त्यावर सांडेल, देवराम गाडी उभी करील. असा मी हिशेब मांडला. गणितात मी कच्चाच होतो.

मानेच्या आतल्या बाजूने, जिथं नळीचं तोंड उघडतं तिथं, मी कथलाचा एक थेंब सोडला. दोन मिनिटांचं काम. बाहेर नळीवर काळा रबरी पाईप होता तसाच राहिला. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

आठवड्याने देवराम आला. नेहमीसारखा बॉनेट उघडून उभा राहिला.

"मिस्तरी, एक गंमत बघा. पाणी आता कमी नाय होत. पण सकाळी वरचा होज चपटा झालेला असतो, कुणी चिमटीत धरल्यासारखा. झाकण काढलं की फुगतो."

मला त्याचं कारण लगेच कळलं. रात्री पाणी थंड होऊन आकसतं, तेव्हा त्याच नळीतून हवा आत यायची असते. नळी बंद, हवा येणार कुठून? होज आत ओढला जाणार. देवरामने गाडीचं दुखणं बरोबर पकडलं होतं, फक्त त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

मी म्हणालो, "रबर जुनं झालंय. नवा होज टाकू."

"मग बरं," तो म्हणाला. "मला वाटलं काय भलतंच."

आणि मी नवा होज टाकला, चांगला जाड, कापडाचा पदर असलेला. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही की माझ्या हिशेबात जी वस्तू आधी फुटणार होती, तीच मी माझ्या हाताने भक्कम केली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, सावळघाटाच्या चढात जीपचा काटा लालमध्ये गेला. गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. देवरामने गाडी कडेला घेतली, सगळ्यांना उतरून लांब झाडाखाली बसायला सांगितलं. स्वतः वीस-पंचवीस मिनिटं थांबला. मग ओलं गोणपाट टाकलं, तोंड बाजूला केलं आणि अर्धा आटा दिला. हे सगळं मला पुढं त्यानेच सांगितलं. आवाज आला नाही. त्याने वाट पाहिली. आवाज नाहीच. तेव्हा त्याला वाटलं, आत पाणीच उरलेलं नाही, कुठंतरी सगळं सांडलं असणार. काय झालंय ते बघावं म्हणून तो वाकला आणि झाकण पूर्ण फिरवलं.

झाकण गोणपाटासकट उडालं. उकळतं पाणी त्याच्या तोंडावर, गळ्यावर, छातीवर आलं. वरचं बटण लावलेला तो सदरा कातडीला चिकटला होता, कात्रीने कापून काढावा लागला.

मी दवाखान्यात गेलो तो तिसऱ्या दिवशी. त्याचं डोकं, तोंड पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, फक्त ओठ उघडे. बायको, यमुनाबाई, खाली फरशीवर बसली होती. मी नाव सांगितलं.

"मिस्तरी," तो पट्टीच्या आतून म्हणाला, "आवाज नाय आला. मी थांबलो व्हतो. आवाज नाय आला."

"बोलू नका," यमुनाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून रडकुंडीला येऊन म्हणाली, "सारखं हेच चाललंय. तुम्हीच सांगा दादा, तापलेलं झाकण कुणी उघडतं का? एवढी काय घाई व्हती?"

मी बाहेरून आणलेली मोसंबी तिच्या हातात दिली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसाने तो रेडिएटर सुटा करून माझ्या दुकानात आणून टाकला. पाठोपाठ शेठ आले.

"पोलीस विचारून गेले," शेठ म्हणाले. "वऱ्हाडातल्या लोकांनी सांगितलं, त्यानं स्वतःच्या हाताने उघडलं. तसंच आहे ते. उघडलं त्यानंच."

मी मान हलवली.

"जाळी साफ करून ठेवा. आणि ते दुसरंही."

ते गेल्यावर मी ब्लोलॅम्प पेटवला. मानेतला कथलाचा थेंब वितळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. नळीत तोंडाने फुंकर मारली, पलीकडून वारा आला. मग मी सगळं पुसून काढलं. माझ्या आयुष्यात इतकं नीटनेटकं काम मी दुसरं केलं नसेल. कुणीही येऊन पाहिलं असतं तरी तो रेडिएटर निर्दोष होता, म्हणजे दोष देवरामचा होता.

करीमचाचा तेव्हा थकले होते, घरीच असायचे. त्यांच्यापर्यंत बातमी गेली होती. मी ईदला भेटायला गेलो तर त्यांनी खिरीची वाटी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "वो पेठवाली जीप तेरे पास आती थी ना? नली खुली थी?"

"हां चाचा. खुली थी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी परत गेलो तो त्यांच्या मयतीला.

देवरामचा एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्याने उजेड-अंधार तेवढा कळायचा. दोन-तीन महिन्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवून तो माझ्या दुकानात आला. चेहरा गुलाबी-पांढरा, ताणलेला. बाकावर बसला आणि म्हणाला, "मिस्तरी, मी काय पैसे मागायला नाय आलो. एवढंच सांगा. आवाज नाय आला, म्हंजे वाफ नव्हती. मग ती आली कुठून?"

त्याचा भाऊ माझ्याकडे बघून हसला, असू द्या, असं हसतात तसं.

मी म्हणालो, "नळीत कचरा अडकला असेल, देवराम. होतं असं कधीकधी."

"कचरा कसा अडकेल? मी दर आठवड्याला तार घालायचो तिच्यात," तो म्हणाला. "म्हंजे बाहेरनं घालायचो. त्या महिन्यात नव्हती घातली. पाणी येतच नव्हतं म्हणून." मग खाली मान घालून म्हणाला, "मग माझीच चूक."

मी नाही म्हणालो नाही.

पुढं वर्षं गेली. बाबूशेठनी जीपा विकल्या आणि ते मुलाकडे सुरतेला निघून गेले. माझी शेड पक्की झाली. रस्त्यावर नवे ट्रक, नव्या गाड्या आल्या, आणि पेठ रस्त्यावर नवे ड्रायव्हर आले, ज्यांनी देवरामला कधी पाहिलंही नव्हतं. त्यातला एक जण एकदा माझ्या दुकानापुढे तापलेल्या टेम्पोचं झाकण उघडायला निघाला. दुसरा त्याला ओरडला, "ए, थांब! देवराम होशील!"

दोघंही हसले. मी शेगडीपाशी होतो. "कोण देवराम?" मी विचारलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "घाटात कुणीतरी येडा होता म्हणे. उकळता रेडिएटर उघडला आणि तोंड भाजून घेतलं. आमच्याकडं घाईवाल्याला देवरामच म्हणतात."

त्या माणसाइतका थांबणारा ड्रायव्हर माझ्या पाहण्यात नव्हता, आणि पेठपासून नाशिकपर्यंत त्याचं नाव उतावळेपणाला पडलं होतं. मी दुकान उघडं टाकून घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मला सांगून काय उपयोग?"

दोन दिवसांनी मी पेठची गाडी पकडली. त्याच्या पाड्याचा फाटा कंडक्टरला ठाऊक होता. घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. देवराम ओट्यावर बसून नागलीची कणसं हाताने चोळत होता, दाणे सुपात पडत होते. केस पिकले होते. मी आवाज दिला तर लगेच म्हणाला, "मिस्तरी?"

यमुनाबाई पाणी घेऊन आली. मी पाणी प्यायलो नाही, आधी बोललो. शेठ आले होते ते, नळी बंद केली ते, होज चपटा का व्हायचा ते, आणि नंतर ब्लोलॅम्पने काय केलं तेही. बोलायला फार वेळ लागला नाही. इतक्या वर्षांची गोष्ट, पण सांगायला किती थोडी होती याचंच मला नवल वाटलं.

देवरामचे हात थांबले होते. त्याने माझा दंड चाचपून धरला.

"म्हंजे आवाज येणारच नव्हता?"

"येणारच नव्हता."

"मी तासभर थांबलो असतो तरी?"

"तरीही नाही. इंजिन पुरतं थंड होईपर्यंत आत वाफ असणारच होती, आणि तुला कळायला काही मार्गच नव्हता."

तो मान वर करून बसला. मग आत तोंड करून हाक मारली, "यमुने, इकडं ये. बस हितं. मिस्तरी, आता हिला सांगा."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. यमुनाबाई ऐकता ऐकता भिंतीला टेकली. "मी ह्यांना रोज बोलले," ती म्हणाली. "पोरांसमोर बोलले. चुलीपाशी आले तरी म्हणायचे, दूर व्हा, परत घाई करून घ्याल." तिने पदर तोंडावर घेतला. देवरामने भावाला बोलावणं पाठवलं. भाऊ शेतातून आला. मी तिसऱ्यांदा सांगितलं. ह्या खेपेला भाऊ हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, तो देवरामकडे बघत होता.

"देवराम," मी म्हणालो, "मला माफ कर."

"ते मागनं बघू," तो म्हणाला आणि उठला. "आधी फाट्यावर चला. तिथं चहाच्या टपरीवर डायव्हर लोकं बसतात ह्या टायमाला."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी त्याला घेऊन फाट्यावर गेलो. चार-पाच ड्रायव्हर होते. त्यांच्यापुढे मी उभा राहून सांगितलं. नळी म्हणजे कुठली, थेंब कुठं सोडला, सगळं. एक जण म्हातारा होता, तो देवरामबरोबरच्या काळातला. त्याने बिडी विझवली आणि मला आई-बहिणीवरून शिव्या दिल्या, मोठ्याने, सगळ्यांसमोर. देवराम शांत ऐकत होता. शिव्या संपल्यावर म्हणाला, "झालं? आता दुसरी गाडी येऊ दे. त्यांनाही सांगतील."

शेवटच्या गाडीने मी नाशिकला आलो. त्यानंतर दरवर्षी एकदोनदा जात राहिलो. दर खेपेला देवराम मला कुणाकडे तरी घेऊन जायचा. एकदा शाळेतल्या गुरुजींकडे, एकदा पोलीसपाटलाकडे, एकदा मुलीच्या सासरी. मी सांगायचो, तो बाजूला ताठ बसून ऐकायचा, आणि मी काही गाळलं तर आठवण करून द्यायचा, "होजचं राहिलं." माफीचं त्याने कधी काढलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

मग एका पावसाळ्यात पेठच्या एका ड्रायव्हरने दुकानात निरोप आणला. देवराम गेला, तापाने, तीन दिवसांत. यमुनाबाईने सांगून पाठवलं होतं, "मिस्तरींना म्हणावं दिवसकार्याला या. लांबलांबचे पाव्हणे येणारेत. त्यांच्यात बऱ्याच जणांना अजून माहीत नाय."

मी गेलो. मांडवात लोक जमले होते. यमुनाबाईने मला पुढं बसवलं, सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "सांगा, दादा."